शिपायाच्या सामानातला माणूस

अमेरिकी लेखक टिम ओब्रायन स्वतः व्हिएतनाम युद्धात शिपाई होते. त्यांचे ‘द थिंग्ज दे कॅरीड’ हे कथांचे पुस्तक १९९० मध्ये आले. शीर्षककथेत स्वभाववर्णने फारशी नाहीत; कोणाजवळ काय आहे आणि त्याचे वजन किती, हेच ते सांगत जातात. लेफ्टनंट क्रॉस मार्थाची पत्रे जपतो, कियोवाजवळ बायबलचा नवा करार आहे. रोजनिशी बाळगणाऱ्या सौम्य बोकरजवळ मात्र एका मृत व्हिएतनामी मुलाचा कापलेला अंगठा आहे. युद्ध भल्या माणसाचे काय करते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती ‘द मॅन आय किल्ड’ ही कथा. तीत मारल्या गेलेल्या व्हिएतनामी तरुणाचे सामान निघते: तांदळाची पिशवी, कंगवा, नेलकटर, एका तरुणीचा फोटो. एवढ्याने तो शत्रूचा माणूस होतो. तरी उणीव राहतेच. अमेरिकी शिपायांना नावे आहेत, त्याला नाही. त्याचे आयुष्यही मारणाराच कल्पनेने रचतो.

आपल्या माणसांच्या पिशव्या सगळेच उघडतात. समोरच्या मृताच्या खिशातला फोटो कोणाचा, हे विचारणारी युद्धकथाच आम्ही खरी मानतो.