रस्ता ओलांडणारे शून्य, म्हणजे गरज शून्य?

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरने त्याचा प्रकल्प अहवाल वाचायला दिला. विषय होता शहरातल्या एका गजबजलेल्या रस्त्यावर पादचारी क्रॉसिंग हवं का, हा. मोजणी नीट केलेली, तक्ते स्वच्छ, गुणाकारही बरोबर. शेवटचं वाक्य: "सदर ठिकाणी पादचारी क्रॉसिंगची आवश्यकता नाही."

जागा माझ्या ओळखीची होती. एका बाजूला जुनी वसाहत, समोर दवाखाना आणि औषधांचं दुकान. वसाहतीतल्या एक आजी गोळ्या आणायच्या असल्या की नातवाची शाळा सुटेपर्यंत थांबतात. तो हात धरून पलीकडे नेतो. एकट्या त्या जात नाहीत.

"ताई, गणित तर बरोबर आहे ना?" त्याने विचारलं. गणित बरोबरच आहे. अडचण गणिताच्या आधी आहे, आणि ती आपल्या सगळ्यांच्याच कामात येऊ शकते, म्हणून ही पोस्ट.

सूत्र काय म्हणतं?

त्याने वापरलेला निकष प्रसिद्ध आहे: पी × व्ही × व्ही. पी म्हणजे तासाला रस्ता ओलांडणारी माणसं, व्ही म्हणजे तासाला जाणारी वाहनं. हा निकष ब्रिटनमधून आला. तिथे नियोजित जागेच्या दोन्ही बाजूंना ५० मीटर, म्हणजे एकूण १०० मीटरच्या पट्ट्यात मोजणी करायची आणि सर्वांत गर्दीच्या चार तासांची सरासरी घ्यायची, अशी पद्धत होती. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो गर्दीच्या तासासाठी आला. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर गुणाकार १० कोटींच्या वर गेला पाहिजे, दुभाजक असेल तर २० कोटींच्या.

आधी सूत्राची बाजू मांडते. क्रॉसिंग कुठे द्यायचं हे एरवी ज्याचा आवाज मोठा त्याच्या मनाप्रमाणे ठरतं. अशा वेळी दोन माणसं आणि एक वही एवढ्यावर दोन जागांची तुलना करता येणं ही लहान गोष्ट नाही. व्हीचा वर्ग घेण्यामागेही विचार आहे: वाहनं वाढली की ओलांडण्याचा त्रास त्याच प्रमाणात न वाढता त्याहून वेगाने वाढतो.

आता आकडे घालून बघू. तासाला १,००० वाहनं असतील तर १० कोटींसाठी १०० माणसं लागतात. २,००० वाहनांना २५ माणसं पुरतात. ५०० वाहनांना मात्र ४०० लागतात. म्हणजे प्रचंड वाहत्या रस्त्यावर जवळजवळ कुठेही निकष पूर्ण होतो आणि सूत्र फारसं काही सांगतच नाही. खरा निर्णय त्याच्यावर सोपवला जातो तो मधल्या रस्त्यांवर. आणि तिथेच ते फसतं.

पहिला आक्षेप: पी कुठून आला?

खालचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, मोजलेले नाहीत. एका रस्त्यावर तासाला ८०० वाहनं आणि ओलांडणारी माणसं १२०. गुणाकार ७ कोटी ६८ लाख. निकषात बसत नाही. काही वर्षांत वाहनं १,२०० झाली. लोक घाबरले, कुणी लांबून जायला लागलं, कुणी जाणंच सोडलं. ओलांडणारी माणसं ५० उरली. गुणाकार ७ कोटी २० लाख. पुढे वाहनं १,६०० आणि माणसं २०: गुणाकार ५ कोटी १२ लाख.

रस्ता दर टप्प्याला जास्त धोक्याचा झाला आणि सूत्रानुसार क्रॉसिंगची गरज दर टप्प्याला कमी होत गेली! शेवटी पी शून्य झाला की व्ही कितीही असो, उत्तर शून्य.

सूत्र पीला रस्त्यापासून स्वतंत्र मानतं. जणू एवढ्या माणसांना पलीकडे जायचंच आहे आणि आपण ती मोजली. पण पी हा त्या रस्त्याचाच परिणाम आहे. ज्यांनी हिंमत केली तेच मोजले गेले. त्या आजी वहीत फक्त नातवासोबत दिसतात, आणि नातू आला नाही त्या दिवशी कुठेच दिसत नाहीत. रात्री नऊनंतर वाचनालयात मुली नसतात, म्हणून मुलींना रात्री वाचनालय नको असतं असा निष्कर्ष काढला तर आपण हसू. इथे तोच निष्कर्ष गुणाकाराच्या आड लपलेला आहे.

दुसरा आक्षेप: सगळी माणसं एकसारखी?

पीमध्ये कॉलेजचा मुलगाही एक आणि आजीही एक. सिग्नलची वेळ ठरवताना साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चाल धरतात. १४.४ मीटर रुंदीचा रस्ता त्या चालीने १२ सेकंदांत ओलांडता येतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्याला १८ सेकंद लागतात. वेळ दीडपट, एवढंच ना?

नाही. तासाला १,२०० वाहनं म्हणजे सरासरी ३ सेकंदांना एक. ती यादृच्छिक येतात असं धरलं, तर दोन वाहनांमधलं अंतर १२ सेकंदांहून मोठं असण्याची शक्यता ई चा उणे ४ वा घात, म्हणजे शंभरात साधारण दोन. १८ सेकंदांहून मोठं असण्याची शक्यता ई चा उणे ६ वा घात: हजारात दोन-तीन. वेळ दीडपट, पण संधी सातपटीहून कमी. रस्ता एकच, पण त्या दोघांसाठी दोन वेगळे रस्ते आहेत.

हे मॉडेल ढोबळ आहे, हे मान्य. आपल्याकडे कुणी अख्खा रस्ता रिकामा व्हायची वाट बघत नाही. हात वर करायचा, एक लेन ओलांडायची, मध्येच थांबायचं, पुढची. भारतीय अभ्यासांत याला रोलिंग गॅप म्हणतात. पण रस्त्याच्या मधोमध थांबून मान वळवणं, अंदाज घेणं, दोन पावलं पळणं, हे जमतं कुणाला? ज्यांची संधी आधीच जास्त आहे त्यांनाच. मॉडेल सुधारलं तरी ही दरी बुजत नाही.

तिसरा आक्षेप: अपघात नाहीत म्हणजे सुरक्षित?

अहवालात एक आधाराचं वाक्य होतं: "या ठिकाणी अपघातांची नोंद अत्यल्प आहे." आयआरसी १०३ मध्ये वर्षाला पादचाऱ्यांच्या पाच किंवा अधिक इजा हाही एक निकष आहे. पण अपघातांचा आकडा छेदाशिवाय वाचता येत नाही. किती जणांनी ओलांडला त्यातले किती जखमी, हे हवं. जिथे माणसं जाणंच सोडतात तिथे जखमीही कमी होणार. शिवाय या निकषाची वाट बघायची म्हणजे आधी पाच जणांनी जखमी व्हायचं.

दोष कुणाचा?

सगळा दोष सूत्रावर टाकला तर तो अन्याय होईल. त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये वाहनांचा वेग आणि पादचाऱ्यांना करावी लागणारी प्रतीक्षा हेही निकष आहेत. ज्युनिअरने सर्वांत सोपा मोजता येणारा निकष निवडला आणि बाकीचे सोडले. हे आपण सगळेच करतो. ब्रिटनने मात्र १९९५ च्या मार्गदर्शिकेत आकड्याचा हा उंबरठा मागे टाकला आणि जागेचं एकूण मूल्यमापन पुढे आणलं: ओलांडायला किती अवघड, किती थांबावं लागतं, जाणारी माणसं कोण.

मग त्याला मी काय सुचवलं?

एक, वहीत नवा रकाना: "परत गेलेले". जे कडेला येऊन थांबले आणि न ओलांडता वळले, ते. दोन, प्रत्येकाची प्रतीक्षा सेकंदांत मोज, आणि सरासरीबरोबर सर्वांत जास्त थांबलेल्या दहा टक्क्यांची वेगळी दे. तीन, वय अंदाजाने तीन गटांत. चार, वसाहतीतल्या घरांत विचार: औषध कुठून आणता, समोरून का नाही? रस्त्यावर न आलेली माणसं रस्त्यावर उभं राहून सापडत नाहीत. पाच, शक्य असेल तर परवानगी काढून दोन आठवडे तिथे वॉर्डन उभा करून पुन्हा मोजणी. पी वाढला, तर ती वाढ म्हणजे दबलेली गरज. तेवढी तरी आधीच्या मोजणीत दिसत नव्हती.

आणि वेळ नसेल, तर किमान शेवटचं वाक्य बदल. "निकष पूर्ण होत नाही" हे मोजणीतून निघतं. "आवश्यकता नाही" हे निघत नाही. या दोन वाक्यांमधलं अंतर संशोधकाने स्वतः चालून पार करायचं असतं; सूत्र ते करून देत नाही. असा अहवाल उद्या एखाद्या कार्यालयात फाइलला लागतो, आणि तिथे फक्त शेवटचं वाक्य वाचलं जातं.

शनिवारी तो पुन्हा वही घेऊन उभा राहिला. मीही गेले होते. "परत गेलेले" हा रकाना पहिल्या अर्ध्या तासातच रिकामा राहिला नाही.