‘गॉथिक’ लिहिलं की काम संपतं का? मुंबई महापालिकेच्या इमारतीचं एक वाचन

ऐतिहासिक इमारत हा विषय प्रस्तावासाठी सोपा वाटतो. शैली, वास्तुविशारद, वर्ष आणि चार फोटो टाकले की प्रकरण तयार! मुंबई महानगरपालिकेच्या मुख्यालयावर बरंच लिखाण असंच आहे. ते चुकीचं नाही, पण त्यातून प्रश्न मात्र तयार होत नाही.

नेहमीची गोष्ट अशी. रॉबर्ट चिझम यांचा आराखडा इंडो-सारासेनिक होता, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा गॉथिक. स्टीव्हन्स यांची निवड झाली, म्हणजे गॉथिक जिंकलं. ९ डिसेंबर १८८४ ला पायाभरणी झाली आणि १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली.

आता इमारतीकडे नीट बघा. टोकदार कमानी गॉथिक आहेत, मान्य. पण वरचे घुमट? ते कांद्याच्या आकाराचे, सरळ इंडो-सारासेनिक वळणाचे. हरलेली शैली जिंकलेल्या इमारतीच्या डोक्यावर बसली आहे! मग ‘गॉथिक जिंकलं’ या वाक्याचा अर्थ काय उरतो?

रस्त्यापलीकडे १८८८ मध्ये पूर्ण झालेलं रेल्वे टर्मिनस आहे. तेही स्टीव्हन्स यांचंच, पण त्याचा घुमट युरोपीय धाटणीचा. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर वास्तुविशारद तोच, परिसर तोच, काळ जवळचा. बदलला तो ग्राहक. एकीकडे रेल्वे कंपनी, दुसरीकडे नगरपालिका. ग्राहक बदलल्यामुळेच घुमट बदलला का? चिझम यांच्याशी असलेल्या स्पर्धेचा परिणामही असू शकतो. म्हणून याला निष्कर्ष म्हणू नका, हे गृहीतक आहे. पण तपासता येईल असं गृहीतक आहे, आणि शैलीचं नुसतं नाव लिहून ते कधीच हाती लागलं नसतं.

दुसरी अडचण ‘प्रतीक’ या शब्दाची. कुणी इमारतीला साम्राज्याचं प्रतीक म्हणतं, कुणी स्वराज्य संस्थेचं. पायाभरणी केली व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी, म्हणजे १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव आणणाऱ्यांनीच. मग दोन्ही बाजू एकाच दगडावर आल्या की! काही जण इमारतीचा संबंध १८८८ च्या महापालिका कायद्याशी जोडतात, पण तेव्हा पायाभरणी होऊन चार वर्षं झाली होती. कारण परिणामाच्या आधी यायला हवं, एवढं तरी तपासा.

आणि ‘लोकांची इमारत’ म्हणताना लोक कोण? १८७२ च्या रचनेत ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडलेले असत. कर न भरणाऱ्याला मत नव्हतं. दर्शनी भागावरची पंखधारी आकृती आणि ‘भारतातलं पहिलं शहर’ या अर्थाचं लॅटिन ब्रीद हा दावा नेमका कुणाच्या वतीने होता, हे विचारायलाच हवं.

फोटोबाबतही सावध राहा. समोरचा फिरोजशहा मेहतांचा पुतळा १९२३ चा आहे. एका फोटोत तीस वर्षांचं अंतर असतं, ते वाचकाला सांगा.

माझं मत विचाराल तर इमारतीचं खरं बळ तिच्या जागेत आहे. दोन रस्त्यांच्या चिंचोळ्या कोनात ती बसवली आहे आणि मनोरा बरोबर त्या टोकाशी उभा केला आहे. शैलीच्या रकान्यात हे कुठेच येत नाही. तुमच्या प्रस्तावात तो रकाना राहू द्या, पण शेजारी आणखी तीन जोडा: कुणी बांधून घेतली, कुणाच्या पैशाने, आणि नंतर काय जोडलं गेलं. प्रश्न तिथूनच निघतील.