‘फार्मर बॉय’: भरल्या घराचें चित्र

मुलांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत घराला सहसा मान मिळत नाहीं. गोष्ट सुरू व्हावयाची ती मूल घराबाहेर पडल्यावर, आणि संपावयाची तें परत आल्यावर. मधल्या काळांत घर बिचारें दार उघडें ठेवून वाट पाहत असतें. घरांतच राहणाऱ्या, रोज त्याच गोठ्यांत आणि त्याच चुलीपाशीं वावरणाऱ्या मुलांची गोष्ट रचणें हें वाटतें त्याहून कठीण काम आहे. तेथें शोध नसतो, साहस नसतें, आणि उद्यांचा दिवस आजच्यासारखाच उगवणार हें वाचकाला आधींच ठाऊक असतें. लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेनें १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘फार्मर बॉय’ या पुस्तकांत हें कठीण काम अंगावर घेतलें आहे. तें कोठें साधलें व कोठें साधलें नाहीं याचा विचार येथें करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झालें तें एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें. पदवीच्या वर्गांत आम्ही या पुस्तकांतील कांहीं प्रकरणें वाचून दाखविलीं. वर्ग खुशींत होता. जेवणाच्या लांबलचक वर्णनांना तर मुलें हंसून दाद देत होतीं. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी थांबला. घर शेतकऱ्याचें, गांव कोरडवाहू मुलखांतलें. त्यानें विचारलें, “सर, या घरावर कर्ज कसें नाहीं?” आम्हीं त्या वेळीं जें उत्तर दिलें तें प्राध्यापकी होतें: जमिनीचा कस, पाऊसमान, शहरची बाजारपेठ, वगैरे वगैरे. त्यानें मान हलविली आणि तो गेला. प्रश्न मात्र गेला नाहीं.

प्रथम पुस्तकाची ओळख. नायक अल्मान्झो हा लेखिकेचा पति. त्याचा जन्म १८५७ चा. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, मलोन गांवाजवळच्या शेतावरील घरांत त्याचें बालपण गेलें. तें घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेलें आहे. पुस्तकाच्या आरंभीं अल्मान्झोला नववें वर्ष पुरें व्हावयाचें आहे. रॉयल हा थोरला भाऊ, एलायझा जेन व अ‍ॅलिस या बहिणी, आणि अल्मान्झो सर्वांत धाकटा. कथानक असें नाहींच. एका हिवाळ्यांत गोष्ट सुरू होते आणि ऋतु फिरून पुन्हां हिवाळा येतो. गोठलेल्या पाण्यावरचें बर्फ कापून भुशांत रचावयाचें, मेंढ्या कातरावयाच्या, बटाटे लावावयाचे आणि काढावयाचे. आई लोकर कातते, विणते. मोची घरीं मुक्कामाला येऊन सर्वांचे बूट शिवून जातो. शनिवारीं रात्रीं स्वयंपाकघरांत चुलीपाशीं एकेकाचें न्हाणें उरकतें. एवढ्या सामग्रीवर लेखिका वाचकाला शेवटच्या पानापर्यंत नेते.

हें कशानें साधलें? आमच्या मतें, कामाचें वर्णन तिनें बांधावर उभें राहून केलेलें नाहीं म्हणून. शेतीविषयीं लिहिणारे बहुतेक लेखक कामाचें सौंदर्य तरी सांगतात किंवा कष्ट तरी. काम कसें करतात हें सांगत नाहींत. येथें तें हातांनीं सांगितलें आहे. वाढदिवसाला अल्मान्झोला लहानसें जूं मिळतें, आणि दोन गोऱ्ह्यांना तो तें ओढावयास शिकवितो. एका वेळीं एकच शब्द शिकवावा, ओरडूं नये, चुकलें तर चिडूं नये, समजलें तर गाजराचा तुकडा द्यावा, जनावर कंटाळण्यापूर्वीं थांबावें. वाचतां वाचतां आपल्या ध्यानांत येतें कीं मुलगा गोऱ्ह्यांना ज्या रीतीनें शिकवीत आहे त्याच रीतीनें बाप मुलाला शिकवीत आहे. लेखिका हें कोठेंहि बोलून दाखवीत नाहीं.

ऐन उन्हाळ्यांत एका रात्रीं अवचित दंव गोठतें. कोंवळा मका सूर्याचें ऊन लागण्यापूर्वीं पाण्यानें भिजविला नाहीं तर करपून जाणार. बाप सर्वांना झोंपेतून उठवितो, आई आणि मुलीसुद्धां शेतांत येतात, आणि उजाडेपर्यंत प्रत्येक रोपाच्या बुडाशीं पाणी पडत राहतें. अखेर एक कोपरा हातचा जातो, बाकीचा मका वांचतो. दुसऱ्या एखाद्या लेखकानें या प्रसंगीं बालवीराकडून कांहीं पराक्रम करविला असता. येथें अल्मान्झो कांहींच विशेष करीत नाहीं. त्याचे पाय गारठलेले आहेत, डोळ्यांवर झोंप आहे. तो पाणी ओततो आणि पुढच्या रोपाकडे जातो. त्या रात्रीं त्या घराला जितके हात होते तितके हवे होते, आणि त्यांत हे दोन होते, एवढेंच.

भावंडांच्या नात्याचें चित्र पाहावयाचें तर आईबाप आठवडाभर परगांवीं काकांकडे जातात तें प्रकरण पाहावें. मुलांवर घर सोंपविलेलें असतें. मुलें आइस्क्रीम करतात, केक करतात, आणि पांढऱ्या साखरेचा सांठा तळाला नेतात. शेवटच्या दिवसांत साफसफाईची धांदल उडते. एलायझा जेनच्या हुकूमशाहीला वैतागून अल्मान्झो शेगडीला काळा रंग लावण्याचा कुंचला तिच्या अंगावर भिरकावतो, आणि तो जाऊन बसतो दिवाणखान्याच्या भिंतीवरील पांढऱ्या-सोनेरी कागदावर. या घरांत तो दिवाणखाना म्हणजे जणूं देवघरच; मुलांनीं तेथें पाऊल टाकावयाचें तें भीत भीत. आईबाप परततात, मुलगा शिक्षेची वाट पाहत मनांत झुरत राहतो, आणि डाग कोणालाच दिसत नाहीं. त्याच जाचक बहिणीनें माळ्यावरचा उरलेला कागद शोधून, डागाच्या जागीं असा बेमालूम चिकटविलेला असतो कीं जोड कोठें आहे तें कळूं नये. बहीण-भावांच्या प्रेमावर कोणी व्याख्यान देत नाहीं. फाटक्या कागदाच्या तुकड्यानें काम भागतें. लहान मुलांच्या घरांत माया बहुधा अशीच, भांडणाच्या पाठीमागून येते.

आतां दुसरी बाजू. स्वातंत्र्यदिनाच्या जत्रेंत अल्मान्झो बापाकडे सरबतासाठीं लहानसें नाणें मागतो. बाप अर्ध्या डॉलरचें नाणें काढून विचारतो, हें काय आहे? अर्ध्या बुशेल बटाट्यांची ही किंमत. म्हणजे नांगरट, लावणी, खुरपणी, काढणी, ही सारी मेहनत या नाण्यांत आहे. मग तें नाणें मुलाला देऊन सांगतो कीं सरबत घे, नाहीं तर डुकराचें पिल्लूं घेऊन वाढव. मुलगा पिल्लूं घेतो. धडा चोख आहे, आणि बापानें निवड मुलावर सोंपविली हें त्याचें मोठेपण. तरीहि या घरांत जिन्नस मोजण्याची संवय फार खोल गेलेली आहे हें लपत नाहीं. आईचें पांचशें पौंड लोणी अडीचशें डॉलरना विकलें जातें तेव्हां घरभर जो अभिमान पसरतो, त्यांत चवीचा भाग किती आणि किंमतीचा किती हें सांगणें कठीण आहे. स्वातंत्र्यदिनाच्या दिवशींच बाप मुलाला सांगतो कीं हा देश शेतकऱ्यांनीं कुऱ्हाडीनें आणि नांगरानें घडविला. त्या जमिनीवर आधीं कोण राहत होतें, याचा विचार त्या भाषणांत नाहीं. शाळेंतील दांडगट मुलांना मास्तर चाबकानें फोडून काढतो त्या प्रकरणाचा सूरहि आम्हांस निर्मळ वाटत नाहीं. तेथें लेखिका मारापेक्षां विजयाकडे अधिक पाहते.

आणि आतां त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. या घरावर कर्ज कसें नाहीं? याचें उत्तर पुस्तकांत नाहीं. तें लिहिणारीच्या आयुष्यांत आहे. हें बालपण तिचें नव्हे. लॉराचा जन्म १८६७ चा, विस्कॉन्सिनच्या रानांतला. तिच्या बापाचें बिऱ्हाड कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा, डाकोटा असें हिंडत राहिलें. मिनेसोटांत गव्हाचें उभें पीक टोळांनीं खाल्लें. आयोवांतील एका गांवाहून हें कुटुंब देणें मागें ठेवून रात्रींतून निघालें, असें तिनें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे. त्या आठवणी टीपांसह छापून निघाल्या त्या २०१४ सालीं. १८८०-८१ च्या हिवाळ्यांत डाकोटांत गाड्या बंद पडल्या तेव्हां या मंडळींनीं कॉफी दळण्याच्या यंत्रांत गहूं दळून दिवस काढले. लग्नानंतरचीं वर्षें याहून कठीण गेलीं: पिकें बुडालीं, घटसर्पानंतर अल्मान्झोचे पाय अधू झाले, तान्हा मुलगा गेला, घर जळालें. या वर्षांचें पुस्तक तिच्या पश्चात् १९७१ सालीं निघालें, आणि त्यांत पानोपानीं कर्ज आहे. नवऱ्यानें बांधलेल्या घरावर पांचशें डॉलरचें देणें आहे हें तिला लग्नानंतर कळलें.

म्हणजे ज्या बाईला कर्ज काय तें पुरें ठाऊक होतें, तिनेंच हें कर्जावांचूनचें घर लिहिलें. आणि लिहिलें तें अमेरिकेंत मंदीनें शेतकऱ्यांचीं शेतें जात होतीं त्या काळांत, कन्या रोझ हिच्या संपादनाच्या साहाय्यानें. हें कळल्यावर ज्या वर्णनांना आमचा वर्ग हंसला त्यांचा अर्थ पालटतो. पाव, मांस, बटाटे, मुरंबे, भोंपळ्याची पाय, अशा त्या न संपणाऱ्या याद्या पोट भरलेल्या मुलाच्या नव्हेत. भरल्या घरांतलें मूल ताटाकडे इतकें बारकाईनें पाहत नाहीं. तें पाहणें उपाशी राहिलेल्या मुलीचें आहे. तिनें तें नवऱ्याच्या डोळ्यांत बसविलें. चित्र पुरें करण्यासाठीं तिनें कांहीं वगळलेंहि. अल्मान्झोला आणखी एक थोरली बहीण व एक धाकटा भाऊ होता. त्यांना पुस्तकांत जागा नाहीं. पुढें १८७० नंतरच्या दशकांत हें कुटुंब तें घर सोडून मिनेसोटाला गेलें, तेंहि पुस्तकांत नाहीं. ज्या घराच्या स्थैर्याची ही गाथा, तें घरहि या कुटुंबाजवळ राहिलें नाहीं.

याला कोणी असत्य म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. परंतु हें दस्तऐवज नव्हे, हें मागणें आहे, असें समजून तें वाचावें असें आम्हांस वाटतें. योगायोगाची गोष्ट अशी कीं ज्या १९३३ सालीं हें पुस्तक निघालें, त्याच सालच्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहून काढली. तेंहि हातचें गेलेलें घर. मात्र तेथें घराची घसरण लपविलेली नाहीं. कर्ज, जप्ती, अपमान हीं सारीं अंगणांत येऊन उभीं राहतात, आणि आई आपल्या शब्दानें व अश्रूंनीं मुलाला घडविते. अल्मान्झोच्या घरांत शब्द थोडे आणि कामें फार. श्यामला प्रेम ऐकूं येतें. अल्मान्झोला तें हातांत मिळतें, लहान मापाचें जूं होऊन. दोहोंपैकीं एक श्रेष्ठ ठरविण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं. परंतु श्यामच्या वाटेनें आमच्याकडे अनेक लेखक गेले, दुसऱ्या वाटेनें फार थोडे, हें खरें. आमच्या पुस्तकांतल्या शेतकऱ्याच्या मुलाला आम्ही सोशीक पुष्कळ दाखविलें; त्याला काय काय येतें हें क्वचितच विचारलें.

शेवटच्या प्रकरणांत गांवांतला गाड्या बनविणारा कारागीर पॅडक हा अल्मान्झोला उमेदवार म्हणून मागतो. पुढेंमागें धंदाहि त्याचाच व्हावा असा त्याचा बेत. आई संतापते, थोरला तर दुकानदार व्हावयास निघालाच आहे, आतां हाहि दुसऱ्याच्या मर्जीवर जगणार काय? बाप मात्र मुलालाच विचारतो, आणि शहरांतलें सुख व शेतकऱ्याचें स्वातंत्र्य हीं दोन्ही त्याच्यापुढें ठेवतो. मुलगा आपल्या मनांतली एकच गोष्ट सांगतो: त्याला स्वतःचें शिंगरूं हवें आहे. तें त्याला मिळतें, आणि पुस्तक संपतें. ही निवड मोकळी होती काय? आम्हांस शंका आहे. वर्षभर प्रत्येक पान त्याला गोठ्याकडेच नेत आलें आहे. आणि प्रश्न विचारला गेला तो मुलाला. एलायझा जेनला तो कोणी विचारीत नाहीं, जरी प्रत्यक्षांत पुढें त्याच मुलीनें डाकोटांत स्वतःच्या नांवानें जमीन घेतली.

तरीहि तो प्रश्न विचारला गेला याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. आमच्या वडिलांनीं आम्हांस तो विचारला नव्हता. “तूं शीक आणि येथून सूट” एवढेंच ते म्हणाले, आणि त्यांत माया होती हें आम्हांस उशिरां कळलें. आमच्या घरावर कर्ज होतें. आमचीं मुलें गांवचें तें घर मे महिन्याच्या सुटींत पाहून येतात, आंबे खाऊन येतात. त्यांच्यावांचून तेथलें कोणतेंहि काम अडत नाहीं. मुलांना आम्हीं सर्व कांहीं दिलें, पण घराला त्यांची गरज आहे असें वाटूं दिलें नाहीं. या पुस्तकानें आम्हांस दाखविलेली ही आमची उणीव आहे.

त्या विद्यार्थ्याला आम्हीं पुढच्या आठवड्यांत पुन्हां बोलाविलें आणि १९७१ चें तें लहानसें पुस्तक वाचावयास दिलें. त्यानें तें दोन दिवसांत परत आणलें. म्हणाला, “सर, हें आधीं वाचावयास हवें होतें. मग त्या जेवणाला मी हंसलों नसतों.” यापेक्षां नेमकी टीका आम्हांस करतां येणार नाहीं. वाचकांनीं हीं दोन पुस्तकें याच क्रमानें वाचावीं: आधीं कर्जाचें घर, मग भरलेलें.