कागदात आजार सापडतो, आजारी माणूस सापडतो का?

बल्लारपूरचा सगळ्यात जुना आजारपणाचा किस्सा कुठल्याही केसपेपरवर नाही, तो दंतकथेत आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहच्या अंगभर गाठी होत्या. शिकारीला गेला असताना त्याने झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या खड्ड्यातलं पाणी प्यायलं, हात-तोंड धुतलं. त्या रात्री त्याला शांत झोप लागली आणि गाठी ओसरू लागल्या, असं सांगतात. पुढे त्याच जागी चंद्रपूर वसलं म्हणे. खरंखोटं बाजूला ठेवा. दुखणं कोणाचं होतं, त्याला झोप लागत होती की नाही, हे या गोष्टीला माहीत आहे. डॉक्टरांनी जमवलेल्या कागदांनाही हेच विचारायला हवं.

मराठी मुलखात अशा संग्रहाचं मोठं नाव म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते डॉक्टर. त्यांनी हस्तलिखितं, नाणी, ताम्रपट जमवले, अजिंठ्याचे शिलालेख वाचले. त्यांच्या नावाचा हस्तलिखितांचा संग्रह आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. ह. दा. वेलणकरांनी १९२५ ते १९३० दरम्यान सोसायटीच्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची केली, तीत तोही आला.

भाऊ दाजींचं खरं मोठेपण मात्र कपाटात नाही. जुन्या संस्कृत ग्रंथांत ज्या औषधांचे गुण गायले होते, ती त्यांनी रोग्यांवर तपासून पाहिली. कडू कवठाच्या बिया त्यांनी कुष्ठरोगावर वापरल्या आणि आशा वाटावी असा गुणही आला. पोथीला नमस्कार न करता तिची परीक्षा घेणारा हा माणूस १८७४ साली गेला आणि ते काम अर्धंच राहिलं. आज त्यांचं नाव वस्तुसंग्रहालयाला आहे, सूचीत पोथ्या आहेत. ज्यांच्या अंगावर त्या बियांची परीक्षा झाली, त्यांचं म्हणणं हा त्या सूचीचा विषयच नाही. हा दोष एकट्या भाऊ दाजींचा नाही. संग्रह कशाला म्हणायचं, याची आपली सवयच तशी आहे. पोथी जपायची, रोगी विसरायचा.

त्याची किंमत आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. १९४०च्या दशकात कुष्ठरोगावर सल्फोन गटातली औषधं आली. तरीही १९४९ साली वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांना आनंदवन उभं करावं लागलं, कारण औषध मिळालं तरी घर मिळत नव्हतं. रोगाची नोंद एक, रोग्याच्या आयुष्याची नोंद दुसरी.

ही दुसरी नोंद गडचिरोलीत नीट सुरू झाली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. हा निबंध १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर वाचला गेला. पण आकड्याला आवाज नसतो. तो आवाज राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या मराठी पुस्तकात आहे. बायका आपल्या शरीराबद्दल काय मानतात, काय लपवतात, कशाला घाबरतात, हे तिथे कळतं. मला हे पुस्तक त्या निबंधाची पुरवणी वाटत नाही, त्याचा दुसरा अर्धा भाग वाटतो. नुसत्या आकड्याने सरकार हलेल, पण माणूस कळणार नाही. नुसत्या गोष्टीने डोळे भरतील, पण दवाखाना उघडणार नाही.

याच्याही पुढची पायरी म्हणजे नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग. ३९ गावांत जेमतेम पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायका घरोघरी गेल्या, बाळं तपासली आणि नोंदी त्यांनीच लिहिल्या. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली छापून आलं. इथे पेन गावाच्या हातात गेलं. वैद्यकीय कागदांच्या इतिहासात मला ही गोष्ट कुठल्याही दुर्मीळ पोथीपेक्षा मोठी वाटते.

तक्रार उरते ती परतीच्या वाटेची. या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या गिरणीत येऊन कागद झाला. जंगलातल्या माणसांचं दुखणं कागदावर उतरायला फार उशीर लागला, आणि उतरलं तेव्हा त्याचा सगळ्यात गाजलेला भाग इंग्रजीत होता. रुग्णांची नावं गुप्तच राहावीत, यात वाद नाही. पण निष्कर्ष त्यांच्या घरी त्यांच्या बोलीत पोचले पाहिजेत. अमिर्झाच्या एखाद्या आजीच्या नातीकडे आज स्मार्टफोन असेल. आजीच्या पिढीच्या दुखण्याबद्दल जगाला काय कळलं, ते तिला मराठीत किंवा गोंडीत वाचता आलं, तर तो संग्रह पुरा झाला असं म्हणता येईल. तोवर तो नीट जपलेला, पण अर्धाच आहे.