टरफलाचा रंग आणि वंशाची शुद्धता

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आठवडी बाजारात तपकिरी अंडे 'गावरानी' म्हणून चढ्या भावाने विकले जाते आणि काळी कोंबडी 'अस्सल कडकनाथ' म्हणून. कुक्कुटपालनाच्या काही माहितीपत्रकांतही रंग हेच शुद्धतेचे लक्षण म्हणून सांगितलेले असते. हे विधान तपासून पाहायला हवे.

आधी अंडे घेऊ. टरफलाचा तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिन या द्रव्यामुळे येतो. तो ठरवण्यात अनेक जनुकांचा वाटा असतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली वनराजा ही संकरित कोंबडीही तपकिरी अंडी घालते. तेव्हा या रंगावरून कोंबडी गावरान आहे एवढेही ठरत नाही. शुद्धता तर दूरच. निळ्या अंड्यांचे जनुक प्रभावी असते. आई किंवा बाप, कोणाही एकाकडून ते आले तरी पुरते. शिवाय कोंबडा अंडी घालत नाही. म्हणजे पिल्लांचा अर्धा वारसा या परीक्षेत दिसतच नाही!

आता कडकनाथ. ही मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातली. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे अंडे काळे नसते, फिकट तपकिरी असते. कातडी आणि मांस काळे दिसते ते गुणसूत्राचा काही भाग दुणावल्यामुळे, आणि हा गुणही प्रभावी आहे. त्यामुळे गावरान कोंबडीशी संकर झालेली पिल्लेही काळसर निघू शकतात. अशा दोन मिश्र पक्ष्यांची जोडी लावली, तर साधारण चौथा हिस्सा पिल्लांत हा गुण उतरत नाही. फसवणूक कळते ती तेव्हा, पैसे देऊन झाल्यावर.

म्हणून ही लक्षणे निरुपयोगी आहेत का? नाही. कडकनाथ म्हणून घेतलेल्या कोंबडीची कातडी फिकी असेल किंवा तिने निळे अंडे घातले, तर तो दावा फेटाळता येतो. लक्षण दावा खोडू शकते, सिद्ध करू शकत नाही. माहितीपत्रकांची चूक नेमकी इथे आहे. शुद्धता एका पक्ष्याच्या अंगावर लिहिलेली नसते. ती पिढ्यांच्या नोंदीतून आणि संततीच्या सारखेपणातून कळते.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही. २०१९ साली सांगली भागात कडकनाथ पालनाच्या योजनेत अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. जंगलपट्टीतल्या घराला दोन-चार कोंबड्यांचाच आधार असतो. तिथे खुडूक बसून पिल्ले काढणारी कोंबडी हवी असते. सुधारित जातींत हा गुण बहुधा उरलेला नसतो, आणि अंड्याचा रंग पाहून तो समजत नाही.

शिक्षकांनी वर्गात एवढे जरूर करावे. मुलांना घरच्या प्रत्येक कोंबडीची नोंद ठेवायला सांगावी: अंड्याचा रंग, खुडूक बसते का, पिल्ले कशी निघाली. दोन पिढ्यांची अशी वही कोणत्याही पाटीपेक्षा अधिक खरे सांगेल.