एका ओळीतलं न लिहिलेलं अक्षर

वर्क -टी१२ -सी४०० -डी३०एस एचटीटीपी://१२७.०.०.१:८०८०/इंडेक्स.एचटीएमएल

ही ओळ मी गेली काही वर्षं वाचते आहे. चालवायला तिला तीस सेकंद पुरतात, पण वाचून ती अजून संपलेली नाही. विल ग्लोझर यांनी सी भाषेत लिहिलेल्या एका छोट्या साधनाच्या माहितीपत्रकात, म्हणजे रीडमीत, ती उदाहरण म्हणून दिली आहे. वेब सर्व्हरवर एचटीटीपी विनंत्यांचा भार टाकायचा, तो किती पेलतो आणि उत्तर द्यायला किती वेळ घेतो ते मोजायचं, एवढंच या साधनाचं काम. टर्मिनलमध्ये ओळ टाकून एंटर दाबलं की अर्ध्या मिनिटाने आठ-दहा ओळींचा हिशेब समोर येतो.

आधी नाव. मूळ रोमन लिपीत ते डब्ल्यू, आर, के असं आहे. तीन व्यंजनं, स्वर एकही नाही. सीपी, एमव्ही, एलएस अशी नावं ठेवणाऱ्या युनिक्सच्या घराण्यातलीच ही काटकसर. देवनागरीत मात्र हे नाव तसं सहज लिहिता येत नाही. आपल्या व्यंजनात अ आधीच दडलेला असतो, त्यामुळे गाळलेला स्वर आपली लिपी गुपचूप परत भरते आणि वर्क, म्हणजे काम, हा अख्खा शब्द उभा राहतो. याच कामाच्या दुसऱ्या एका साधनाचं नाव सीज, म्हणजे वेढा. व्हेजिटा नावाच्या साधनात तर चाचणी सुरू करायचा शब्दच अटॅक आहे. या रणधुमाळीत शेजारी 'काम' असं साधं नाव घेऊन बसलेलं हे साधन मला पहिल्यापासून आवडलं.

टी म्हणजे थ्रेड, सी म्हणजे कनेक्शन, डी म्हणजे ड्युरेशन. यातलं काहीच लिहिलं नाही तर साधन आपल्या मनाने दोन थ्रेड, दहा कनेक्शन आणि दहा सेकंद धरतं. म्हणजे १२, ४०० आणि ३० हे आकडे मुद्दाम लिहिलेले आहेत. बारा जणांनी चारशे कनेक्शन सांभाळायची कशी, या प्रश्नात साधनाची सारी बांधणी आहे. पंगतीत वाढपी एकेका पानापाशी उभा राहत नाही. तो आमटी वाढत पुढे सरकतो, आणि कुणी हात वर केला की तिकडे वळतो. लिनक्समधली ईपोल आणि बीएसडी व मॅकवरची केक्यू या यंत्रणा थ्रेडला हात वर झालेला दाखवतात. थ्रेड वळतो, आलेलं उत्तर वाचतो, लगेच पुढची विनंती पाठवतो आणि दुसरीकडे जातो. त्यासाठीचा इव्हेंट लूप ग्लोझर यांनी रेडिस या डेटाबेसमधून घेतला आणि ते ऋण माहितीपत्रकात नोंदवून ठेवलं.

आता भागाकार करून पाहा. ४०० भागिले १२, प्रत्येकी ३३ आणि बाकी ४. सी भाषेतला पूर्णांकांचा भागाकार बाकी टाकून देतो. प्रत्येक थ्रेड ३३ कनेक्शन उघडतो, म्हणजे एकूण ३९६. निकालात मात्र 'बारा थ्रेड आणि चारशे कनेक्शन' असंच छापून येतं. इतक्या वाचनांनंतर हे दिसलं तेव्हा मला फार आनंद झाला. पाठ असलेल्या आर्येत एक मात्रा कमी आहे हे अचानक कानाला कळावं, तसा. तेव्हापासून मी कनेक्शन नेहमी थ्रेडच्या पटीत लिहिते: बारा थ्रेड तर ४०८, किंवा सरळ आठ थ्रेड आणि चारशे.

पत्ता आहे १२७.०.०.१. हा पत्ता म्हणजे यंत्र स्वतःच. विनंती तारेवर जात नाही, राऊटर ओलांडत नाही. विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच प्रोसेसरचे तुकडे वाटून घेतात. साधनाचं सामर्थ्य दाखवायला हे ठीक, पण सर्व्हर तपासायचा तर विचारणारं यंत्र वेगळं हवं. आणि वेगळं यंत्र घेतलं की या ओळीत न दिसणाऱ्या गोष्टी समोर येतात. लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी सहसा ३२,७६८ ते ६०,९९९ हे पोर्ट वापरतं, म्हणजे २८,२३२. जी बाजू आधी कनेक्शन तोडते तिच्याकडे तो पोर्ट साठ सेकंद राखून ठेवला जातो. आपण प्रत्येक उत्तरानंतर कनेक्शन तोडत गेलो, तर एकाच पत्त्यावर सेकंदाला जेमतेम ४७० नवी कनेक्शन टिकाव धरतील, मग सर्व्हर कितीही ताकदीचा असो. समोर सर्व्हरच्या दारातही रांगेला मर्यादा असते. ५.४ आवृत्तीच्या आधीच्या लिनक्स कर्नलमध्ये या रांगेची कमाल मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १२८ होती, नंतर ती ४,०९६ झाली. जुन्या यंत्रापुढे सी४०० म्हणत एकदम जाऊन उभं राहिलं की सुरुवातीची धडक तिथेच अडते. रीडमीत या दोन्ही गोष्टींचा इशारा दोन-तीन वाक्यांत दिला आहे. तो वाचायच्या आधी आपण सर्व्हर मोजतो आहोत असं समजून मी अनेकदा स्वतःच्याच यंत्राचे पोर्ट मोजले आहेत.

या ओळीखाली छापलेला निकाल असा: तीस सेकंदांत २,२४,६४,६५७ विनंत्या, १७.७६ जीबी वाचलं, सेकंदाला ७,४८,८६८.५३ विनंत्या. छाती दडपावी असा आकडा. पण जीबींना विनंत्यांनी भागलं की एका उत्तराचा आकार निघतो: सुमारे ८४९ बाइट, मथळ्यासकट. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, गणित नाही. इंडेक्स नावाचं चिमुकलं पान तेवढं वारंवार उचलून दिलेलं. म्हणून ओळीत शेवटी असलेला पानाचा पत्ता मी सर्वांत आधी वाचते. भार कसला, हे टी, सी किंवा डी सांगत नाहीत, पत्ता सांगतो. निरनिराळ्या पानांवर फिरायचं असेल तर लुआ भाषेतली छोटी पटकथा जोडता येते, मात्र प्रत्येक विनंती नव्याने घडवायची म्हटली की साधनाचा स्वतःचा वेग कमी होतो.

त्याच निकालात उत्तराच्या वेळेची एक ओळ आहे, आणि मी सर्वांत जास्त रेंगाळते ती तिथे. सरासरी ६३५.९१ मायक्रोसेकंद. प्रमाण विचलन ०.८९ मिलिसेकंद. कमाल १२.९२ मिलिसेकंद. एककं वेगवेगळी असल्यामुळे डोळा फसतो. ०.८९ मिलिसेकंद म्हणजे ८९० मायक्रोसेकंद, म्हणजे विचलन सरासरीपेक्षा मोठं! सरासरीतून ते वजा करा: उणे २५४. प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर आल्यासारखं. अर्थात असं काही घडलेलं नाही. बहुतेक उत्तरं खूप लवकर आली आणि थोडी फार उशिरा, म्हणून आलेखाला एका बाजूला लांब शेपूट आहे. घंटेच्या आकाराच्या आलेखासाठी शोभणारी सरासरी आणि विचलनाची भाषा इथे पुरी पडत नाही. कमाल वेळ सरासरीच्या वीसपट आहे, आणि खरी गोष्ट त्या शेपटात आहे. ओळीत दोन रेघा आणि लेटन्सी हा शब्द घातला तर साधन पन्नासावा, पंचाहत्तरावा, नव्वदावा आणि नव्व्याण्णवावा शतमान, म्हणजे पर्सेंटाइल, छापतं. माझ्या मते तो शब्द न घालता ही ओळ कधीच लिहू नये.

आणखी एक पडताळा. रांगशास्त्रात लिटलचा नियम आहे. जॉन लिटल यांनी १९६१मध्ये त्याची सिद्धता दिली: आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत थांबण्याचा सरासरी वेळ. ७,४८,८६८ला ६३५.९१ मायक्रोसेकंदांनी गुणा. उत्तर येतं ४७६. कनेक्शन तर लिहिलीच चारशे आहेत, आणि उघडली ३९६! वेगाचा आकडा पूर्ण झालेल्या विनंत्यांच्या एकूण मोजणीतून येतो, वेळेची सरासरी वेगळ्या नोंदीतून. दोन वेगळ्या वह्यांमधले आकडे एका कागदावर शेजारी छापले आहेत. दोहोंतल्या कोणावर विसंबायचं असेल तर मी मोजणीवर विसंबेन.

पण या ओळीचा सर्वांत खोल अर्थ तिच्यात न लिहिलेल्या गोष्टीत आहे. पुढची विनंती केव्हा जाणार, हे कोण ठरवतं? टी ठरवत नाही, सी नाही, डीही नाही. ते सर्व्हर ठरवतो. प्रत्येक कनेक्शन एक विनंती पाठवतं आणि उत्तर येईपर्यंत थांबतं. उत्तर लवकर आलं तर पुढची विनंती लवकर, उशिरा आलं तर उशिरा. सर्व्हर धापा टाकू लागला की चाचणी आपोआप पाऊल मंद करते. आजारी माणसाला फार बोलायला लावू नये म्हणून पाहुण्याने गप्प बसावं, तसं. दहावीचा निकाल पाहायला बसलेली मुलं अशी थांबत नाहीत. दुसऱ्याला उत्तर मिळालं का, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. ती आपापल्या घरातून, आपापल्या क्षणी बटण दाबतात, आणि पान अडकलं की पुन्हा दाबतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम केलेल्या ए. के. अर्लांग यांनी १९०९मध्ये टेलिफोनच्या हाकांचं गणित मांडलं ते याच गृहीतावर: प्रत्येक माणूस फोन स्वतंत्रपणे उचलतो. २००६मध्ये बियांका श्रोडर, ॲडम विअरमन आणि मोर हार्कोल-बाल्टर यांनी थांबणाऱ्या म्हणजे बंद आणि न थांबणाऱ्या म्हणजे खुल्या भारातला हा फरक एका निबंधात दाखवला, आणि त्याच्या शीर्षकातच सावधगिरीची गोष्ट असं म्हटलं. आपल्या ओळीतला भार बंद आहे.

या थांबण्यामुळे मोजणीत काय हरवतं, त्याला अझूल सिस्टिम्सचे गिल टेने यांनी कोऑर्डिनेटेड ओमिशन हे नाव रूढ केलं. मराठीत मी त्याला संगनमताने वगळणं म्हणते, फक्त या संगनमतात कुणाचाही डाव नसतो. मोजणारा आणि मोजला जाणारा यांची लय जुळते, आणि नेमका वाईट काळ नोंदीतून निसटतो. टेने यांनी वर्कचीच एक शाखा काढली, वर्क-टू. आज्ञा मात्र पूर्वीच्याच नावाने चालते. फरक एका अक्षराचा (पत्ता इथे गाळला आहे):

वर्क -टी२ -सी१०० -डी३०एस -आर२०००

आर म्हणजे रेट. सेकंदाला दोन हजार विनंत्या, सर्व्हरची तब्येत कशीही असो. हे अक्षर लिहिल्याशिवाय साधन सुरूच होत नाही. शंभर कनेक्शनांवर दोन हजार, म्हणजे प्रत्येकाची पाळी दर पन्नास मिलिसेकंदांनी. आता समजा सर्व्हर मध्येच दीड सेकंद गोठला. जुन्या पद्धतीत शंभर कनेक्शन एकेका विनंतीवर अडकतील आणि वहीत शंभर उशीर लिहिले जातील. उरलेल्या वेळात साधारण तेवढ्याच वेगाने काम झालं असेल, तर ५७,००० चांगल्या नोंदींत हे शंभर. नव्व्याण्णवावा शतमान निर्मळ दिसेल. नव्या पद्धतीत त्या दीड सेकंदात तीन हजार विनंत्यांची पाळी येऊन गेलेली असते. त्या उशिराने निघतात, आणि घड्याळ मात्र त्या ज्या क्षणी निघायला हव्या होत्या तिथपासून चालतं. साठ हजारांत तीन हजार, शंभरात पाच. आता नव्व्याण्णवाव्या शतमानात तो गोठलेला काळ लख्ख दिसतो. सर्व्हर तोच, दीड सेकंदही तेच.

या एका अक्षराने बाकीच्या अक्षरांचे अर्थही बदलले. पहिल्या ओळीत सी४०० हा भार होता. दुसरीत सी१०० ही फक्त वाहनांची संख्या आहे, भार आरने पेलला. डी३०एसही तेवढंच राहिलं नाही. वर्क-टू सुरुवातीचे दहा सेकंद स्वतःचं मोजमाप बसवण्यात घालवतं, म्हणजे तिसांतले वीसच हाती उरतात. मी पाच मिनिटांखाली चालवत नाही. आणि पहिल्या ओळीतला प्रश्न होता, 'तू जास्तीत जास्त किती करशील?' दुसरीतला आहे, 'इतकी माणसं आली तर त्यांतल्या सर्वांत दुर्दैवी माणसाला किती थांबावं लागेल?' मला दुसरा प्रश्न अधिक माणुसकीचा वाटतो. त्यात सर्व्हरच्या पराक्रमापेक्षा थांबणाऱ्याचा विचार आधी आहे.

परवा कामावर नव्याने आलेल्या मुलीला ही दुसरी ओळ एकेक अक्षर उलगडून सांगत होते. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "ताई, टी, सी, डी कळलं. पण हे दोन हजार कुठून आले?"

माहितीपत्रकातून उचलले होते. मी तसं सांगितलं, आणि आम्ही दोघींनी आमच्या सर्व्हरची गेल्या महिन्याची ॲक्सेस लॉग उघडून सर्वांत गर्दीचं मिनिट शोधायला घेतलं.