जहांगीर बादशहाचा पांढरा चित्ता : एका उताऱ्याची छाननी

जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तांत, राज्यारोहणापासूनच्या तिसऱ्या वर्षाच्या हकीकतींत, म्हणजे इ. स. १६०८ च्या सुमारास, एक आठदहा ओळींची नोंद आहे. ओर्छ्याचा राजा बीरसिंगदेव बुंदेला यानें एक पांढरा चित्ता बादशहास दाखविण्याकरितां आणला. पशुपक्ष्यांच्या इतर जातींत पांढरे प्रकार आढळतात, पण पांढरा चित्ता मात्र आजवर दृष्टीस पडला नव्हता, असें बादशहा नमूद करतो. एरवीं काळे असावयाचे ते ठिपके या जनावराच्या अंगावर निळसर होते, व अंगाच्या पांढऱ्या रंगांतहि निळसर झांक होती, असेंहि तो सांगतो. नंतर तो आपण पाहिलेल्या इतर पांढऱ्या जनावरांची यादी देतो : प्रथम ससाणा, बाशा, शिकरा हे शिकारी पक्षी, मग चिमणी, कावळा, तित्तिर, मोर, आणि शेवटीं उडती खार, काळवीट व चिंकारा.

शिकारीच्या वाङ्मयांत चमत्कारिक रंगाच्या जनावरांच्या गोष्टींस तोटा नाहीं. बहुतेक गोष्टी ऐकीव असतात, आणि ज्या पाहिलेल्या म्हणून सांगितल्या जातात त्यांतहि जनावराचें नांव बरोबर नसतें. प्रस्तुत नोंद त्या वर्गांतील नाहीं, असें आमचें मत आहे. परंतु ती मराठी वाचकांपर्यंत जशी येते तशी घेतल्यास तिचा निम्मा अर्थ वाटेंतच गळून पडतो. म्हणून तिची छाननी करण्याचें येथें योजिलें आहे.

आधीं पाठाविषयीं. या आत्मवृत्ताचें मेजर प्राइस यानें १८२९ सालीं प्रसिद्ध केलेलें इंग्रजी भाषांतर अजून जुन्या ग्रंथसंग्रहांतून सांपडतें. पण तें ज्या प्रतीवरून केलें ती भेसळीची व आंकडे फुगविलेली असल्यामुळें तिच्यावर कोणतेंहि अनुमान उभारूं नये. खऱ्या फार्सी पाठाची छापील आवृत्ति सय्यद अहमदखान यांनीं गाझीपूर व अलीगड येथें १८६३-६४ सालीं काढली. तिच्यावरून मुंबई इलाख्यांत मुलकी नोकरी करून गेलेल्या अलेक्झांडर रॉजर्स यानें भाषांतर केलें, तें हेन्री बेव्हरिज यानें तपासलें, व तें दोन भागांत १९०९ आणि १९१४ सालीं लंडनास छापलें गेलें. थॅक्स्टन याचें नवें भाषांतर १९९९ सालचें आहे. आमच्याकडील बहुतेक अभ्यासक अद्यापि रॉजर्सवरच विसंबतात, आणि सामान्यतः त्यांत चूक नाहीं. या एका उताऱ्यापुरती मात्र आमची तक्रार आहे.

तक्रार एका शब्दाविषयीं आहे. पांढऱ्या प्रकारास बादशहा जो शब्द वापरतो तो तुयगून हा तुर्की शब्द असून मूळचा बाजदारांच्या बोलींतला आहे. पांढऱ्या बाजास तो लावीत. बादशहाची यादी शिकारी पक्ष्यांपासून कां सुरू होते, याचा उलगडा यानेंच होतो. बाज बाळगणाऱ्या लोकांस पांढरें पाखरूं ही निराळी जात नसून त्याच जातींतील निराळा रंग आहे, हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें, आणि तो सांगण्यास त्यांच्याजवळ तयार शब्द होता. बादशहानें तोच शब्द उचलून चतुष्पादांस लावला. रॉजर्स यानें पहिल्या वाक्यांत मूळ शब्द ठेविला खरा, पण पुढें यादींत आल्याबरोबर 'अल्बिनो' या शब्दाची योजना केली. येथें घोटाळा झाला. अल्बिनो म्हणजे ज्याच्या अंगांत रंगद्रव्य मुळींच तयार होत नाहीं तें जनावर. त्याचे डोळे तांबूस दिसतात, आणि अंगावरील नक्षी जवळजवळ पुसून जाते. बीरसिंगदेवाच्या चित्त्याचे ठिपके तर स्पष्ट दिसत होते, केवळ ते काळ्याचे निळसर झाले होते. बादशहानें जें सांगितलें तें भाषांतराच्या एका शब्दानें खोटें ठरविलें जातें.

दुसरी अडचण आमच्या स्वतःच्या भाषेची आहे. फार्सींत यूझ म्हणजे चित्ता व पलंग म्हणजे बिबळ्या. दोहोंत गोंधळ होण्यास जागा नाहीं, आणि बादशहाचा शब्द यूझ हाच आहे. मराठींत मात्र चित्ता हा शब्द बिबळ्यास सर्रास लावतात, आणि वाघ म्हटल्यावर पट्टेरी वाघापासून बिबळ्यापर्यंत कांहींहि असूं शकतें. कोल्हापूर संस्थानांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आफ्रिकेंतून आणलेले चित्ते शिकारीस पाळीत, तेथील चित्तेवानांस हा भेद शिकविण्याची जरूर नव्हती. पण इतरत्र तो पुसटच राहिला. तेव्हां हा उतारा मराठींत देतांना 'पांढरा बिबळ्या' किंवा 'पांढरा वाघ' असें कोणी लिहील, तर तो १९५१ सालीं रेवा संस्थानाच्या जंगलांत महाराजा मार्तंडसिंग यांनीं पकडलेल्या मोहन नांवाच्या पांढऱ्या वाघाच्या पंक्तीस नेऊन बसविला जाईल. त्या वाघाची गोष्ट अगदीं निराळी आहे. पांढऱ्या वाघांत पिवळा रंग नाहींसा होतो, काळे पट्टे टिकून राहतात. त्याचें कारण ज्या जनुकांतील फरकांत आहे तो २०१३ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं दाखवून दिला. आमच्या चित्त्याच्या अंगावर काळा रंगहि फिकटला आहे. निळसर झांक असलेल्या पाळीव मांजरांत असेंच घडतें : रंगाचे कण केंसांत सारखे न पसरतां गोळा होतात, त्यामुळें काळें तें निळसर राखी व पिवळें तें फिकट दिसतें. चित्त्यांतहि तेंच घडलें होतें असा आमचा आग्रह नाहीं. बादशहाचें वर्णन असंभाव्य नाहीं, इतकेंच आम्ही म्हणतों. थाप मारणारा मनुष्य जनावर दुधासारखें पांढरें होतें असें सांगतो. ठिपक्यांचा निळसरपणा त्याच्या डोक्यांत येत नाहीं.

पण साक्षीदार विश्वासू असला तरी जनावर आणणारा कसा होता, हें पाहणें प्राप्त आहे. बीरसिंगदेव म्हणजे १६०२ सालीं अबुल फझल याचा वध करून त्याचें शिर शाहजादा सलीम याजकडे पाठविणारा तोच. सलीम जहांगीर होऊन तक्तावर बसतांच त्याला तीन हजारांची मनसब मिळाली. अशा मनुष्यास बादशहाची मर्जी राखण्यासाठीं अपूर्व वस्तूंची नेहमींच गरज असणार. त्यानें एखाद्या साध्या चित्त्यास खडू-चुना फांसून आणला नसेल कशावरून, अशी शंका संशयी वाचकानें घ्यावी, व आम्हींहि ती घेतली.

तिचें उत्तर त्याच ग्रंथांत पुढें तेरा वर्षांनीं मिळतें. सोळाव्या वर्षीं, म्हणजे १६२१ सालीं, मीर जाफर यानें हबसाणांतून आलेला एक झेब्रा दरबारांत आणला. तोंडापासून शेंपटापर्यंत पट्टे पाहून कित्येकांस ते रंगविलेले वाटले. बादशहानें बारकाईनें तपास करविला आणि रंग जन्माचाच आहे अशी खात्री झाल्यावरच तसें लिहिलें. उस्ताद मन्सूर यानें काढलेलें त्या झेब्र्याचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत असून त्यावर बादशहाच्या हातचा मजकूर आहे. म्हणजे रंग फांसलेलें जनावर दरबारांत येऊं शकतें, ही जाणीव त्या दरबारास होती. १६०८ च्या नोंदींत असा तपास केल्याचा उल्लेख नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु झेब्रा बादशहास नवखा होता. चित्ता तसा नव्हता. अकबरानें एके काळीं हजारपर्यंत चित्ते जमविले होते असें जहांगीर स्वतः लिहितो, आणि त्याच चित्त्यांच्या सहवासांत तो लहानाचा मोठा झाला. अकबराच्या चित्त्यांनीं बंदिवासांत कधीं वीण केली नाहीं. पुढें १६१३ सालीं एका नराचा पट्टा तुटून तो मादीकडे गेला व तिला तीन पिलें झालीं, हें तो दिवस मोजून सांगतो. असल्या मनुष्यास चुना ओळखतां आला नसता, हें संभवत नाहीं.

आतां या नोंदीची खरी किंमत कोठें आहे तें सांगतों. १८७७ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत दक्षिण आफ्रिकेंतील बोफर्ट वेस्ट येथून एक फिकट रंगाचा, पिंगट डागांचा चित्ता आला. स्क्लेटर या नामांकित प्राणिशास्त्रज्ञानें त्याला निराळी जात समजून निराळें नांव दिलें. १९२७ सालीं पोकॉक यानें ऱ्होडेशियांतील ठिपक्यांच्या जागीं जाड पट्टे असलेल्या चित्त्यास पुन्हां एक नवी जात ठरवून त्यास राजपद बहाल केलें, व १९३९ सालीं तें मत मागें घेतलें. १९८१ सालीं दक्षिण आफ्रिकेंत साध्या आईबापांच्या पोटीं असेंच पिल्लूं जन्मल्यावर वाद संपला. आणि तो पट्टेरीपणा एका जनुकाच्या फरकानें येतो, हें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. दोन पंडितांस जी चूक टाळतां आली नाहीं ती जहांगीरानें केलेली नाहीं. समोर आलेल्या जनावरास तो निराळी जात म्हणत नाहीं, दैवी शकुन म्हणत नाहीं. यूझ हें जातीचें नांव व तुयगून हें रंगाचें नांव, हीं तो वेगळीं ठेवितो. याचें श्रेय सर्वस्वीं त्याच्या बुद्धीस देण्याचें कारण नाहीं. बाजदारांच्या त्या एका शब्दानें त्याला हा विचार आयताच दिला होता. तो शब्द काढून टाकणारें भाषांतर विचारहि काढून टाकतें.

जाति आणि रंग यांचा घोटाळा किती दूरवर पोंचतो याचें उदाहरण त्याच यादींतील उडत्या खारीच्या कुळांत आहे. भाषांतरांत 'उडता उंदीर' असा शब्द येऊन त्याचा अर्थ उडती खार असा दिला आहे. खारींत रंगावरून कांहींच ठरवितां येत नाहीं. आसामांतील काळी मोठी खार ही खरोखरच स्वतंत्र जात आहे. उलट कॅनडाच्या ऑंटेरिओ प्रांतांत शिकारी ज्या काळ्या खारी मारतात त्या तेथील करड्या खारीच होत; एकाच विणींत काळीं व करडीं पिलें निपजतात. आमच्या सह्याद्रींतील शेकरूं प्रदेशाप्रमाणें रंग बदलतें, तो तिसराच प्रकार. डांगच्या जंगलांतील फिकट शेकऱ्यास ब्लॅनफर्ड यानें १८९७ सालीं वेगळें नांव दिलें तें याच कारणानें. आणि काळवीट तर वयाबरोबर काळा होतो, त्यामुळें तपकिरी नर व काळा नर असे दोन रंग पाहून कोणी दोन जाती करूं नयेत. बादशहानें पांढरा काळवीट पाहिला म्हणून सांगितलें आहे, तेव्हां त्याला अभिप्रेत असलेलें जनावर मादी किंवा पाडस नव्हे, हें त्या नांवावरूनच दिसतें.

येथें एक विसंगति नमूद करणें भाग आहे. हाच बादशहा अकराव्या वर्षाच्या अखेरीस आपल्या शिकारीचा हिशेब देतो. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरें मारलीं गेलीं, पैकीं १७,१६७ त्यानें स्वतः मारलीं. त्यांत ३,२०३ चतुष्पाद व १३,९६४ पक्षी. बेरीज अचूक जमते. पण या हिशेबांत रंगाचें सदर नाहीं. पांढरें काय, काळें काय, एकदां मारलें कीं तें जातीच्या आंकड्यांत जमा होतें. चित्ता वाचला तो शिकार म्हणून नव्हे. शिकारीचें साधन असल्यामुळें तो जिवंत पकडावयाचा असे, आणि म्हणून त्याचा रंग कोणी निरखून पाहिला. सलीम अली यांनीं १९२७-२८ सालीं मोगल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर लिहिलेल्या लेखमालेमुळें जहांगीराची ही बाजू विद्वानांस परिचित झाली आहे. परंतु हिशेबाचा जहांगीर व निरीक्षणाचा जहांगीर एकाच ग्रंथांत शेजारीं शेजारीं बसलेले आहेत, आणि पहिला दुसऱ्याचा पुरावा पुसून टाकीत असे, इकडे लक्ष द्यावयास हवें.

आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति आहे. मराठी दप्तरांत पागेच्या याद्या पुष्कळ सांपडतात, व त्यांत अबलख, कुम्मैत, नुकरा असा रंग लिहिल्याखेरीज घोडा पुरा होत नाहीं. रंग टिपण्याची संवय आमच्या कारकुनांस होतीच. शिकारखान्याच्या, नजराण्याच्या व खर्चाच्या कागदांत कोठें 'पांढरें हरीण' किंवा 'काळा वाघ' आल्यास तें भाकड म्हणून सोडूं नये, आणि नकलेंत रंगाचा शब्द गाळूं नये. सह्याद्रीकडील काळा वाघ बहुधा बिबळ्याच असतो हें खरें. पण ओरिसांतील सिमिलीपाल येथें पट्टे एकमेकांत मिसळून काळवंडलेले खरे पट्टेरी वाघ आहेत, व त्यांचें कारण २०२१ सालीं उजेडांत आलें. चित्त्यांचे पट्टे पाडणारें तेंच जनुक तेथें निघालें. तेव्हां नकल करणारानें स्वतः निर्णय न देतां कागदांत असेल तोच शब्द जसाच्या तसा उतरावा.

बीरसिंगदेवाच्या चित्त्याविषयीं मात्र याहून अधिक पुरावा मिळण्याची आशा अल्प आहे. हिंदुस्थानांतील शेवटचे तीन चित्ते १९४७ सालीं कोरिया संस्थानांत एकाच रात्रीं मारले गेले, आणि १९५२ सालीं ही जात देशांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें; २०२२ पासून कूनोच्या जंगलांत सोडलेले चित्ते आफ्रिकेंतले आहेत. गोव्याहून मुकर्रबखानानें १६१२ सालीं आणलेल्या चमत्कारिक प्राण्यांचीं चित्रें बादशहानें मुद्दाम काढविलीं. चार वर्षांपूर्वींच्या पांढऱ्या चित्त्याचें चित्र काढविल्याचें त्या नोंदींत नाहीं, तो पुढें शिकारीस लावला कीं काय हेंहि नाहीं, आणि डोळ्यांचा रंग लिहावयाचा राहून गेला आहे.